ओढ

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेड नंबर चौदावर
पाटी अजून आधीच्या मालकाच्या मसाल्याची आहे.
आत घायपाताचा वाख टांगलेला,
माडग्याळच्या माळावरून, उमदीच्या बांधांवरून
टेम्पोनं आलेला. अजून खाजतो.

मी ओव्हनवर. तिसरं वर्ष.
आधी धुवायचा, एकशे पाचवर वाळवायचा,
मग दार आवळून नायट्रोजन सोडायचा
आणि एकशे ऐंशीला दोन तास
जागेवरनं हलायचं नाही.

शिकलगार मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
धाग्याला पाण्याची ओढ असते,
प्लास्टिकला पाणी जवळ नको असतं.
तसेच दोघं एकत्र ओतले
तर धागा आतल्या आत पाणी पीत राहतो,
फुगतो, आकसतो, मध्ये फट पडते.
म्हणून ताप.
मी वहीत तेवढंच लिहिलं: म्हणून ताप.
आणि मला हसू आलं.
जे झाड सात वर्षं टँकरची वाट न बघता
बांधावर उभं राहिलं,
त्याला आम्ही शिकवायचं, पाणी विसर.

दीडशेपर्यंत विशेष काही होत नाही.
मग आंबूस वास येतो, न घासलेल्या ताकाच्या गाडग्याचा.
एकशे सत्तरपुढं तोच गोड होतो,
बेकरीच्या मागच्या गल्लीत येतो तसा.
रंग आधी सोललेल्या लसणाचा,
मग गव्हाच्या काडाचा, मग पातळ चहाचा.
चहाला थांबायचं.

एकदा थांबले नाही.
धाकटीच्या शाळेतनं फोन आला होता.
बाहेर काढला तो चिंचेच्या रंगाचा,
बोटात धरला तर नुसता मोडला.
मगदूमशेठ रागावले नाहीत,
वजन लिहायला लावलं:
आत शंभर, बाहेर एक्याण्णव.
नऊ कुठं गेले, एवढंच विचारलं.

दिवाळीनंतर आप्पा आले बघायला.
चाळीस वर्षं दावी, कासरे, शिंकी वळलेले,
उजव्या मांडीवर केस उरलेले नाहीत.
त्यांनी ट्रेमधला चिमूटभर उचलला,
सवयीनं तळहाताला थुंकी लावली,
धोतर सारून मांडीवर फिरवला.
धाग्यानं ओल घेतली नाही.
पुन्हा फिरवला.
सरळच राहिला.
"पीळ बसंना याला," म्हणाले,
आणि बऱ्याच वेळानं,
"सुंभ ऱ्हायलाय. पीळ तेवढा जाळला तुमी."
मॅडम हसल्या.
आप्पा हसण्यासाठी बोलले नव्हते.

मग मी त्यांना मागच्या खोलीत नेलं.
डमरूसारखी पट्टी, मध्ये बारीक,
दोन्ही टोकं मशीनच्या जबड्यात.
मशीन सावकाश ओढतं,
बैलासारखं हिसका देत नाही.
आधी बिनतापवलेल्या वाखाची लावली.
तटकन गेली. तुटीतून धागे बाहेर आलेले,
धुतल्यासारखे स्वच्छ, अंगाला काही न लागलेले,
आणि ते जिथं होते तिथं बारीक भोकं.
मग तापवलेल्याची.
तिला वेळ लागला.
तुटली ती एका रेषेत,
धागा कुठं संपला न् प्लास्टिक कुठं,
मलाही बोट ठेवता येईना.

आप्पांनी तुटीवरून अंगठा फिरवला,
गाय सुटून गेल्यावर उरलेलं दावं बघतात तसा.
"किती वडलं?"
मी स्क्रीनवरचा आकडा वाचला.
"बैलात सांग."
मला सांगता आलं नाही.
ओव्हन एकशे साठ दाखवत होता,
मी दारापाशी जाऊन उभी राहिले.

मिरजेच्या गाडीला निघताना
त्यांनी कच्च्या वाखाची वीतभर दोरी
माझ्या डब्यावर ठेवली होती. कधी वळली, बघितलं नाही.
ओव्हनच्या किल्लीला बांधलीय.
पावसाळ्यात ती ओल धरते,
गाठ आवळते,
आणि किल्ली काढायला
मॅडमना मला हाक मारावी लागते.